आकुवीचा शेवटचा कसावा

शेडमधल्या बायका सित्सोफेला पाहून बोलायच्या थांबल्या. हात चालूच होते. कंदांवरची तपकिरी साल सुऱ्यांखालून लांबलांब उतरत होती, पांढराशुभ्र सोललेला कसावा टोपल्यांत पडत होता. फक्त तोंडं बंद झाली. दुखवट्यातल्या माणसासमोर गाव असं गप्प होतं, हे तिला माहीत होतं. पण दुखवट्याने गप्प झालेली माणसं खाली बघतात. या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

तिने डोक्यावरची टोपली उतरवली. मागोमाग भाड्याची तीनचाकी आली, तिच्यात बाकीचा कसावा होता.

"आकुवीच्या शेतातला?" विन्सेन्शियाने विचारलं. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. शेडची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातलेली. बायकांच्या गटाची ती प्रमुख होती.

"अर्धा. अर्धा अजून जमिनीत आहे."

"पुढच्या शनिवारसाठी ना? मग वेळ आहे. सोलायला बस, आम्ही हात लावतो. आज किसून ठेवू, रविवार सोडून सोमवारी पिळू."

सित्सोफेने प्रेसकडे पाहिलं. लोखंडी चौकट, तिच्यात खाली पोती रचायची, वरचा दांडा दोघींनी फिरवायचा की पाटा खाली येतो आणि किसातलं पाणी धारेने निघून जातं. एक पोतं आता पिळलं जातच होतं. ती उभी होती तेवढ्यात धार बारीक झाली आणि थेंबांवर आली.

"हे तर तासाभरात होतंय," ती म्हणाली. "मग सोमवारपर्यंत कशाला?"

"रीत आहे आमची."

रीत. चार दिवस तिचा कीस परक्यांच्या कुलपात राहणार, आणि त्याला कारण काय तर रीत. सित्सोफे तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसली आणि सोलायला लागली. कोणी मदतीला सरकलं की ती टोपली स्वतःकडे ओढून घेई.

क्लेव्हेकोपेत माणूस पुरल्यावर दोन महिन्यांनी निरोपाचा शनिवार येतो. गेलेली बाई गारी, म्हणजे कसाव्याच्या किसाचा भाजलेला रवा, करणारी असेल, तर पाहुण्यांना वाढण्याआधी तिची थोरली मुलगी गारीची पहिली मूठ जमिनीवर ठेवते आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, "आई, हे तुझ्याच शेतातलं." एवढंच म्हणायचं असतं. पण खोटं म्हणून चालत नाही. ज्यांनी खोटं म्हटलं त्यांचं काय झालं, याच्या गोष्टी गावात प्रत्येकीला येत होत्या, आणि अक्राला जाऊन पंधरा वर्षं शिवणकाम करणारी सित्सोफे त्या विसरली नव्हती. ओढ्यापलीकडच्या तुकड्यात तिच्या आईने, आकुवीने, गेल्या वर्षी रोवलेल्या काड्या आता खांद्याएवढ्या झाल्या होत्या. आईने स्वतः लावलेलं तेवढंच उरलं होतं.

आईची गारी आंबट. आकात्सीच्या बाजारात पेर्पेतुआ नावाची व्यापारीण ती न चाखता घ्यायची. हे सित्सोफे लहानपणापासून पाहत आली होती. अंगणात किसाची पोती, पोत्यांवर सहा मोठे दगड, तीन दिवस ठिबकणारं पाणी, मग चाळण, मग पसरट कढईत भाजणं. धुराने आईचे डोळे वर्षभर लाल असायचे. आता पेर्पेतुआचा ट्रक थेट या शेडपाशी थांबतो, असं तिने ऐकलं होतं. दफनाच्या दिवशी तिने दोन-तिघींना विचारलं होतं, आईची गारी शेवटी शेवटी कोण घेत होतं? तेव्हाही त्या अशाच एकमेकींकडे बघत राहिल्या होत्या. एकीने पाणी आणायचं निमित्त काढलं होतं.

किसायच्या यंत्रावर मान्सा होती, तिशीतली, तोंडाने फटकळ. डिझेलचं इंजिन सुरू झालं तसं शेडमध्ये बोलणं ऐकू येईना. सित्सोफे यंत्राच्या तोंडाशी स्वतः कंद घालत होती आणि मान वाकवून खाली कीस पडतो तिकडे बघत होती. शेवटी मान्साने इंजिन बंद केलं आणि कीस भरून ठेवलेल्या घमेल्यातून एक वाडगा उचलून कोपऱ्यातल्या पिंपात ओतला.

"ते काय केलंस?"

"शेडचा वाडगा. प्रत्येकीचा एक."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"डिझेल काय विहिरीतून निघतं, अक्रावाली?" मान्सा म्हणाली, आणि बायका हसल्या. "तुझ्याकडे शिलाई फुकट असेल तर सांग, माझे दोन ब्लाउज राहिलेत."

सित्सोफेने दोन पोती भरली, तोंडं आवळली आणि पहिल्या पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. "आत्ता पिळून द्या."

विन्सेन्शियाने हातातली सुरी खाली ठेवली. "पोरी, ऐक. ठेवून जा. तुझ्या गाठी मार, माझ्या डोळ्यांसमोर मार, पण ठेवून जा."

"का?"

"आंबायला नको का?"

"दगडाखाली तीन दिवस लागतात, कारण दगड हळूहळू पाणी काढतो. इथे तासाचं काम आहे. मला शिकवू नका, मी त्या दगडांखालीच वाढले."

"दिसतंय," मान्सा म्हणाली.

विन्सेन्शिया काही सांगायला तोंड उघडत होती, पण तिने बाकीच्यांकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मग दांड्याला हात घातला. "चल गं मान्सा. तिला हवं तसं दे पिळून."

तो कोरडा, भुसभुशीत कीस सित्सोफेने त्याच दुपारी घरी आणला. शेजारच्या खोलीत राहणारी एमेफा मावशी, आईची धाकटी बहीण, चूल पेटवायला आली आणि किसात बोटं घालून नाकाशी नेऊन थांबली.

"आजचाच?"

"हो."

"ठेवून यायचं होतंस गं तिथे."

"तू पण त्यांच्याच बाजूची?"

 मावशी फाटकी चटई पसरून बसली आणि चाळायला लागली. सित्सोफेने कढई तापवली, वाळक्या भोपळ्याच्या तुकड्याने कीस हलवत राहिली. हात विसरला नव्हता. दाणे सुटे झाले, तडतडले, रंगही बरोबर आला. दिवस मावळायच्या आत एक मोठं पितळी घमेलं भरलं. तिने चिमूटभर तोंडात टाकली.

काहीच नव्हतं. पिठासारखी सपक चव, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी किंचित कडू. तिने पुन्हा चाखली. आईच्या शेतातला कसावा, आईची कढई, आईची चूल. आणि हे कुणा भलत्याच बाईच्या हातचं.

मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती. सित्सोफेने घमेल्यावर फडकं टाकलं.

"बदलला त्यांनी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडगाभर गारी घेऊन शेडमध्ये गेली. तिने वाडगा विन्सेन्शियाच्या मांडीवर ठेवला. "चाखा."

विन्सेन्शियाने चाखली. चावली. वाडगा मान्साकडे दिला. मान्साने चाखली आणि हसू दाबलं.

"आपला पहिला महिना आठवला," मान्सा म्हणाली.

"माझ्या आईचा कसावा कुठे आहे?" सित्सोफेने विचारलं. आवाज चढवला नव्हता. "हा तिचा नाही. तिच्या कसाव्याची गारी अशी लागत नाही."

"कधी बदलला म्हणतेस?" एक म्हातारी म्हणाली. "तू तर अंड्यावर बसल्यासारखी पोत्यावर बसून होतीस."

"यंत्रात. मागच्या बाजूने काय पडतं ते मला दिसत नव्हतं."

आता मात्र कोणी हसलं नाही. विन्सेन्शियाने हात पुसले, सावकाश, प्रत्येक बोट वेगळं.

"चोर म्हणालीस ना, मग ऐक. आम्ही सांगणार नव्हतो, कारण तसा शब्द दिला होता. ज्या बाईला दिला ती आता नाही, आणि तू तिच्याच नावाने आम्हाला चोर म्हणतेस. प्रेस आली तेव्हा आम्हीही तुझ्यासारखंच केलं. सकाळी किसलं, दुपारी पिळलं, संध्याकाळी भाजलं. वाटलं, सुटलो. पेर्पेतुआने चाखली आणि सगळी पोती ट्रकमधून खाली टाकली. याला ना वास ना आंबटपणा, म्हणाली, वर कडू. महिनाभर आम्ही प्रेसला शिव्या देत होतो. लोखंडाची बाधा झाली म्हणून एकीने प्रेसवर मंतरलेलं पाणी शिंपडलं. मग तुझी आई आली. या दारात उभी राहिली, किसाचा वास घेतला आणि म्हणाली, बायांनो, दगड नुसतं पाणी काढत नव्हते. त्या तीन दिवसांत कीस आंबत होता. आधी तीन दिवस पोत्यात बसू द्या, मग पिळा. ती रीत आहे आमची. तुझ्या आईने घालून दिलेली."

"आई इथे येत नव्हती."

"दोन वर्षं येत होती. त्या खांबापाशी बसायची."

"ती मला फोनवर सांगायची. आज दगड चढवले, आज उतरवले. दर आठवड्याला सांगायची."

"सांगायची ना," मान्सा म्हणाली. तिच्या आवाजातला फटकळपणा गेला होता. "तिथेच बसून सांगायची. तुझा फोन आला की ती हात वर करायची आणि मी इंजिन बंद करायचे. तुला ऐकू जाऊ नये म्हणून. अर्धा अर्धा तास आम्ही सगळ्या गप्प बसायचो. तुम्हा दोघींना बोलायलाही फार लागायचं."

सित्सोफेला त्या फोनमधली शांतता आठवली. केवढं शांत आहे आपलं अंगण, असं तिला अक्राच्या गलक्यात वाटायचं.

आणि आणखीही आठवलं. शेड उभी राहिली तेव्हा ती स्वतःच आईला म्हणाली होती, तिथे पाऊल टाकू नकोस. तुझ्या गारीचं नाव त्या सगळ्यांच्या पोत्यात बुडवतील. गेलीस तर मला सांगूही नकोस. आईने तिचं शब्दशः ऐकलं होतं. सांगितलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा एमेफा मावशी चवळी निवडत होती. सित्सोफे उंबऱ्यात उभी राहिली.

"खरं आहे का?"

काय खरं, असं मावशीने विचारलं नाही. "कंबर गेली होती तिची. दगड कोणी उचलायचे? मी? का तू?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुला काही सांगायचं म्हणजे आधी पुरावा गोळा करावा लागतो," मावशी म्हणाली आणि चवळीतला खडा अंगणात फेकला.

सोमवारी सित्सोफेने उरलेला कसावा खणला. आता चुकायला जागा नव्हती. खणलेला कसावा दोन दिवसांत काळा पडतो, आणि शेतात आणखी काही उरलं नव्हतं. शेडमध्ये तिच्यासाठी कोणी उठलं नाही, कोणी टोमणाही मारला नाही. सोललं, धुतलं, किसलं. तिने शेडचा वाडगा स्वतः काढून पिंपात ओतला. दोन पोती भरली. गाठ मारली, आणि मग, कोणी बघत नाही असं पाहून, ती उलटी करून मारली. या गावात तशी गाठ कोणी मारत नव्हतं.

विन्सेन्शिया बघत होती. 

मंगळवारी ती ओढ्यावर जायचं निमित्त काढून शेडवरून गेली. फळीवर पोती ओळीने उभी होती, खाली पांढरं पाणी झिरपत होतं, तिची दोन्ही जागच्या जागी होती. वास येऊ लागला होता, तो आंबूस, किंचित ताडीसारखा. तो नाकात शिरला तशी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

बुधवारी पुन्हा गेली. तिची गाठ असलेलं एकच पोतं होतं.

तिने ओळ दोनदा मोजली. मग आत गेली. विन्सेन्शिया चाळणीला तार लावत होती.

"माझं दुसरं पोतं?"

"उंदराने खालून कुरतडलं. सकाळी आले तर कीस फळीवर सांडत होता. दुसऱ्या पोत्यात भरला." तिने हनुवटीने दाखवलं. "ते, निळ्या दोरीचं. तुझं जुनं तिथे कोपऱ्यात टाकलंय, बघ."

सित्सोफेने बघितलं. पोत्याला खाली मुठीएवढं भोक होतं. कडा दातांनी कुरतडल्यासारख्याच होत्या. सुरीने कापून मग ओढलं तरी अशाच दिसतील, असंही तिला वाटलं. शेजारच्या ओळीत निळ्या दोरीची आणखी तीन पोती होती.

"बाकीची निळी कोणाची?"

"एक माझं. दोन मान्साची."

"मग माझं कुठलं हे कसं कळणार?"

"मी सांगतेय ना."

सित्सोफेच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. एकदा ती याच जागी उभी राहून बोलली होती. आता पुन्हा बोलली आणि पुन्हा चुकली, तर या गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि बोलली नाही आणि बरोबर असली, तर शनिवारी आईच्या नावाने पहिली मूठ मान्साच्या शेतातली पडेल. दोन्हीकडून अडचण होती. विन्सेन्शियाही पुढे काही बोलेना. ती शपथ घेईल, चिडेल, निदान उंदराला शिव्या देईल, अशी सित्सोफेने वाट पाहिली. विन्सेन्शिया तार पिळत राहिली.

गुरुवारी दोन्ही पोती पिळून झाली. गाठ असलेल्या पोत्यातला कीस वेगळा ठेवायचा असं तिने मनात धरलं होतं. पण ती मावशीला आणायला घरी गेली तेवढ्यात मान्साने मदत म्हणून दोन्ही पोती एकाच घमेल्यात चाळून टाकली होती.

"जलद झालं काम," मान्सा म्हणाली.

"झालं," सित्सोफे म्हणाली.

शेडमागच्या उंच धुराड्याच्या चुलीवर तिने भाजलं. धूर वर निघून जात होता, डोळ्यांत येत नव्हता. त्याचंही तिला बरं वाटेना. शेजारच्या चुलीवर विन्सेन्शिया स्वतःची गारी भाजत होती. दोघींच्या कढया एकाच लयीत खरखरत होत्या. पहिला घाणा उतरला तसा सित्सोफेने दाणे थंड होऊ दिले आणि चिमूट तोंडात टाकली.

आंबट. नेमकी तीच. आधी जिभेच्या कडांना झोंबणारी, मग मागे सरकणारी. तिने डोळे मिटले नाहीत, कारण बाजूला माणसं होती. मग हात लांबवून विन्सेन्शियाच्या टोपलीतली चिमूट घेतली. विन्सेन्शियाने घेऊ दिली.

तीही तशीच होती. काडीचा फरक नव्हता. दोन वर्षांत आईने सगळ्यांच्याच गारीला स्वतःची चव लावून ठेवली होती. आता कुठली तिची आणि कुठली कुणाची, हे सांगणारी चव गावात उरली नव्हती.

"काय शोधतेस?" विन्सेन्शियाने विचारलं.

"काही नाही."

"सापडलं तर सांग."

शनिवारी अंगणात बाकं लागली. पाहुणे आले, लाल-काळी कापडं नेसलेले. चवळी शिजली, लाल पाम तेल तापलं. सित्सोफे खोलीत एकटी होती आणि समोर दोन घमेली होती. एका घमेल्यात आदल्या आठवड्यातल्या गुरुवारची सपक, कडवट गारी. तिच्यातला दाणा न् दाणा आईच्या शेतातला होता, कारण सित्सोफेने तिच्यावरून नजर हलवली नव्हती. दुसऱ्यात ही आंबट. निम्मी नक्की आईची. उरलेली विन्सेन्शियाच्या शब्दावर.

बाहेरून म्हाताऱ्या मामांनी हाक मारली. "सित्सो, लोक थांबलेत."

पहिली मूठ सपक गारीची घ्यावी, म्हणजे शब्द खोटा पडणार नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. मग तिच्या मनात आलं, जमिनीवर पडलेली ही मूठ आई चाखेल. आणि विचारेल, ही कुणाच्या हातची? तेव्हा सांगावं लागेल की कुणावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून मी पोत्यावर बसून होते, त्याची ही चव. दोन वर्षं जिच्यासाठी इंजिन थांबत होतं, तिला हे सांगायचं.

तिने आंबट गारीचं घमेलं उचललं.

अंगणात सगळे उठून उभे राहिले. मामांनी जागा दाखवली. तिने मूठ भरली, वाकली, मातीवर ठेवली.

"आई," ती म्हणाली, "हे तुझ्याच शेतातलं."

म्हणता म्हणता तिची नजर विन्सेन्शियाकडे गेली. ती चुलीपाशी उभी राहून चवळी पातेल्याला लागू नये म्हणून ढवळत होती. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काही कळलं असतं का, हे सित्सोफेला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

लोक जेवले. पेर्पेतुआही आली होती. तिने दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाली की आकुवी असती तर हेच वाढलं असतं. मान्साने तिला आणखी वाढलं.

सगळे गेल्यावर एमेफा मावशी खोलीत आली आणि फडक्याखालचं घमेलं उघडून उभी राहिली.

"याचं काय करायचं?"

"भिजवून डुकरांना घाल."

"आकुवीचा कसावा आहे तो. अगदी नक्की तिचा."

"माहीत आहे," सित्सोफे म्हणाली, आणि बाकं उचलायला बाहेर गेली.